डब्बा परत आलाय... पण घ्यायचा का?

दहा वर्षांपूर्वी भंगारवाला ज्या डब्बा टीव्हीला हात लावायलाही तयार नव्हता, तोच आता रील्समध्ये हिरो झालाय. अंधारी खोली, कोपऱ्यात जाडजूड मॉनिटर, त्यावर मारियो किंवा सोनिक, आणि खाली कॅप्शन: ‘फ्लॅट स्क्रीनला हे कधीच जमणार नाही.’ कमेंट्समध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, सीआरटीची सर कशालाच नाही. दुसरी म्हणते, नॉस्टॅल्जियाच्या नावाखाली भंगार विकताय.

हे फॅड फक्त रील्सपुरतं नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘शँक मॉड्स’ या यूट्यूब चॅनलवर एक व्हिडिओ आला आणि जगभर गाजला. सोनीने १९८९ साली आणलेला ४३ इंची सीआरटी टीव्ही जपानमधल्या ओसाकात, एका सोबा नूडल्सच्या हॉटेलात पडून होता. ती इमारत पाडली जाणार होती. सुमारे दोनशे किलो वजनाचं ते धूड या मंडळींनी तिथून उचलून अमेरिकेत नेलं आणि दुरुस्त करून चालू केलं. एका टीव्हीसाठी एवढा खटाटोप! का? तर इतकी मोठी पिक्चर ट्यूब आता पुन्हा कोणी बनवणार नाही.

मग प्रश्न येतो तो आपल्यासारख्यांचा. खिशात पैसे मोजके, हॉस्टेलचं टेबल दोन फुटी, आणि गेमिंगसाठी स्क्रीन घ्यायचाय. जुन्या डब्ब्यात खरंच काही दम आहे, की सगळी हवा आहे? उत्तर ‘दम आहे’ असंच आहे. पण तो नेमका कुठे आहे, हे कळलं नाही तर फसायला होतं.

दोन्हींचा उजेड वेगळा

सीआरटीचा जन्म १८९७ चा. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने ही नळी बनवली. काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो आणि समोरच्या काचेवर लावलेल्या फॉस्फरवर आदळतो. जिथे आदळतो तिथे उजेड पडतो. हा झोत वरून खाली, एकेक ओळ करत अख्खं चित्र रंगवतो आणि पुन्हा वर येतो. गंमत अशी, की एखाद्या ठिपक्याचा उजेड एक-दोन मिलिसेकंदांत बराचसा विझलेला असतो. म्हणजे सीआरटीवर संपूर्ण चित्र एकाच क्षणी कधीच पेटलेलं नसतं. ते जोडायचं काम आपला डोळा आणि मेंदू करतो.

फ्लॅट स्क्रीन, मग तो एलसीडी असो की ओएलईडी, उलट वागतो. एक फ्रेम दाखवली, की पुढची येईपर्यंत ती तशीच धरून ठेवतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर हा काळ सुमारे १६.७ मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण पळणाऱ्या शत्रूवर नजर ठेवताना आपला डोळा सरकत असतो आणि चित्र मात्र तेवढा वेळ जागच्या जागी थांबलेलं असतं. त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर ते फराटल्यासारखं उमटतं. गेममध्ये कॅमेरा फिरवला की भिंतीवरची अक्षरं पुसट होतात ना, ते यामुळे.

हिशेब सोपा आहे. फुल एचडी स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एखाद्या वस्तूला दोन सेकंद लागले, तर ती सेकंदाला ९६० पिक्सेल पळाली. ६० हर्ट्झच्या फ्लॅट स्क्रीनवर तिच्या कडा सुमारे १६ पिक्सेल फराटतील. २४० हर्ट्झवर ४ पिक्सेल. ४८० हर्ट्झवर २. सीआरटीवर? साध्या ६० हर्ट्झलाही एक-दोन पिक्सेल. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीचा डब्बा जे सहज करत होता, तिथवर पोचायला फ्लॅट स्क्रीनला ४८० हर्ट्झचे ओएलईडी लागले, आणि ते बाजारात आले २०२४ मध्ये.

इथेच दुकानातली एक मेख समजून घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१ एमएस’ लिहिलेलं असतं. तो आकडा पिक्सेल रंग किती लवकर बदलतो, याचा. बदललेला रंग किती वेळ धरून ठेवला जातो, याचा नाही. ६० हर्ट्झचा मॉनिटर ‘१ एमएस’चा असला तरी फ्रेम धरणार १६.७ मिलिसेकंदच. फराटा जास्त करून या धरण्यामुळे पडतो. त्यामुळे ‘१ एमएस आहे, एकदम स्मूथ चालेल’ असं दुकानदार म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारा: हर्ट्झ किती?

त्याच्याही पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: माझा पीसी तेवढ्या फ्रेम देतो का? २४० हर्ट्झच्या स्क्रीनवर गेम ६० एफपीएसनेच चालत असेल, तर प्रत्येक चित्र चार-चार वेळा दाखवलं जातं आणि फराटा जवळपास तेवढाच राहतो. नवा गेम जोरकस ग्राफिक्स कार्डावर २४० च्या वर जाईलही. पण जुन्या कन्सोलचे गेम ६० फ्रेमलाच बांधलेले आहेत. त्यांना कार्ड कितीही भारी दिलं तरी फरक नाही. रेट्रोवाले डब्ब्याला का चिकटून बसतात, त्याचं खरं कारण हे आहे. त्यात नॉस्टॅल्जिया आहेच, पण फक्त नॉस्टॅल्जिया नाही.

दोन खेळ, दोन वाटा

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा निन्टेन्डो गेमक्यूबचा २००१ चा गेम. वीस वर्षं उलटून गेली तरी त्याच्या स्पर्धा जोरात चालतात. या खेळात काही डाव एका-दोन फ्रेममध्ये साधावे लागतात, आणि एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. गेमक्यूबचा सिग्नल साध्या फ्लॅट टीव्हीला जोडला, की टीव्ही आधी तो मोठा करणार, साफसूफ करणार आणि मग दाखवणार. त्यात दोन-चार फ्रेम सहज जातात. तोवर समोरच्याने तुम्हाला उडवलेलं असतं. म्हणून मेलीच्या अनेक स्पर्धांत आजही आयोजक गाड्या भरभरून जुने टीव्ही आणतात.

मग २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनच्या काळात, ‘स्लिपी’ नावाच्या प्रोजेक्टने मेलीला चांगलं ऑनलाइन खेळणं जोडून दिलं. घराघरांत खेळाडू पीसी आणि वेगवान फ्लॅट मॉनिटरवर सराव करू लागले. डब्बा नसेल तर मेली गंभीरपणे खेळताच येत नाही, ही अट तिथे मोडली. ज्याच्या गावात ना जुना टीव्ही ना स्पर्धा, तोही आता मैदानात उतरू शकतो. स्पर्धा टिकायची असेल तर हे व्हायलाच हवं होतं, कारण दरवर्षी काही टीव्ही बंद पडतात आणि नवे येत नाहीत.

दुसरी वाट काउंटर स्ट्राइकची. ‘सीएस १.६’ सायबर कॅफेत खेळलेले दादा-ताई तुमच्या ओळखीत असतीलच. त्या काळी १०० एफपीएस आणि १०० हर्ट्झचा सीआरटी हे समीकरण होतं. बाजारात एलसीडी आले तरी चांगले खेळाडू बरीच वर्षं डब्ब्यालाच धरून होते. २००९ च्या सुमाराला १२० हर्ट्झचे एलसीडी आले आणि हळूहळू सगळे तिकडे वळले. आज व्हॅलोरंट किंवा सीएस २ च्या मोठ्या स्पर्धेत सीआरटी शोधूनही सापडणार नाही. सीएसवाल्यांना मेलीवाल्यांपेक्षा डब्ब्याचं प्रेम कमी होतं असं नाही. त्यांचा खेळ ६० फ्रेमला बांधलेला नव्हता, एवढाच फरक. स्क्रीनचा वेग वाढला तसा खेळही वाढला.

‘झीरो लॅग’चं अर्धसत्य

रील्समध्ये छातीठोकपणे सांगतात, सीआरटीला लॅग शून्य. यात अर्धं खरं आहे. सिग्नल आला की झोत थेट रंगवायला लागतो, मधे कुठली प्रक्रिया नाही. जुन्या ‘डक हंट’मधली बंदूक यावरच चालायची. चाप ओढला, की स्क्रीन क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीतल्या सेन्सरला तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसला, तर बदक खल्लास. फ्लॅट टीव्हीवर तो चौकोन उशिरा उमटतो, म्हणून नेम कितीही बरोबर असला तरी बदक उडूनच जातं.

पण उरलेलं अर्धं? ६० हर्ट्झच्या सीआरटीला वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पोचायला सुमारे १६ मिलिसेकंद लागतात. म्हणजे स्क्रीनच्या मधोमध असलेला शत्रू दिसायला साधारण ८. आजचा चांगला २४० हर्ट्झचा मॉनिटर अख्खी फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांत रंगवतो. त्याची स्वतःची प्रक्रिया धरली तरी व्हॅलोरंटसारख्या खेळात तो ६० हर्ट्झच्या डब्ब्याच्या पुढे असतो. त्यामुळे ‘सीआरटी घे, रँक वाढेल’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

आणि जोडणार कसा? एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १० सिरीजपासून पुढच्या कार्डांना अॅनालॉग आउटपुटच नाही. अॅडाप्टर लागतो. साधा स्वस्तातला घेतला, तर तो जास्त रिझोल्यूशन आणि जास्त हर्ट्झ एकत्र देत नाही. म्हणजे ज्यासाठी डब्बा घेतला, तेच मिळत नाही.

दहा वर्षं उशिराने गेलेला डब्बा

जगात एलसीडी टीव्हींनी विक्रीत सीआरटीला मागे टाकलं ते २००७ च्या अखेरीस. आपल्याकडे डब्बा त्यानंतरही बरीच वर्षं दुकानात होता. कारण उघड आहे: तो स्वस्त होता, दणकट होता आणि गल्लीतला मेकॅनिक तो दुरुस्त करू शकत होता. त्याच टीव्हीला काळी-लाल कॅसेटवाली व्हिडिओ गेम जोडून एका पिढीने काँट्रा खेळलं.

या गोष्टीत महाराष्ट्राचा एक मोठा धडा आहे. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. घरोघरी पोचलेल्या या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, थेट पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांसकट. मराठवाड्यातून वाढलेली कंपनी जगातल्या मोठ्या ट्यूब उत्पादकांत जाऊन बसली, तेही ट्यूबचा बाजार बसायच्या दोन-तीन वर्षं आधी. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याची कारणं टेलिकॉमपासून तेलापर्यंत बरीच आहेत. पण सीआरटी अजून चालेल यावर लावलेला डाव फसला, हे नक्की. त्यांच्या टीव्हीचं चित्र वाईट नव्हतं. ग्राहकाला भिंतीला लागणारा, मोठा आणि हलका स्क्रीन हवा होता. पळत्या चित्राचा स्पष्टपणा विचारत दुकानात कोणी गेलंच नाही.

बाजारात कोणती वस्तू जिंकते, यावर ती प्रत्येक बाबतीत सरस आहे असं ठरत नाही. फ्लॅट स्क्रीनने जागा, वजन, वीज आणि आकार या चार गोष्टींत बाजी मारली आणि एका गोष्टीत मार खाल्ला. ती पाचवी गोष्ट फक्त गेमर्सना खुपत होती. त्यामुळे ती दुरुस्त व्हायला पंधरा-वीस वर्षं लागली.

डब्ब्याची खरी किंमत

२०१९ मध्ये ‘डिजिटल फाउंड्री’ने सोनीच्या एफडब्ल्यू ९०० या २४ इंची वाइडस्क्रीन सीआरटी मॉनिटरवर नवे गेम चालवून दाखवले आणि चित्राचं तोंडभरून कौतुक केलं. त्यानंतर त्या मॉडेलचे भाव कुठल्या कुठे गेले. पण तो मॉनिटर म्हणजे सीआरटीतला सर्वोत्तम, वजन ४० किलोच्या वर. आपल्याला लॅमिंग्टन रोडला, तपकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात जो सापडेल, तो एखाद्या सरकारी ऑफिसात दहा वर्षं चाललेला १५ किंवा १७ इंची मॉनिटर. त्याचा उजेड उतरलेला, रंग एका बाजूला झुकलेले, कोपरे वाकडे. रीलमध्ये दिसतो तो एफडब्ल्यू ९००, आणि घरी येतो तो हा.

ट्यूब झिजते. जितके तास चालली तितकी मंद होत जाते. नवी ट्यूब मिळत नाही. दुसऱ्या मॉनिटरची काढून लावावी लागते. फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर गेला तर तसाच सुटा भाग शोधत फिरा. शिवाय आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा खेळ असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ शिल्लक राहतो. ‘यूट्यूब बघून उघडतो’ हा प्रकार इथे अजिबात नको. विजेचा हिशेबही धरा. १७ इंची डब्बा सुमारे ८० वॅट घेतो, २४ इंची एलईडी मॉनिटर २५ च्या आसपास. रोज चार तास चालवला तर महिन्याला सहा-सात युनिट जास्तीचे. फार नाहीत, पण दर महिन्याचे.

सगळ्यात अवघड मुद्दा शेवटचा. सीआरटीच्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये तर किलोंच्या हिशेबात. वापरताना त्याचा त्रास नाही, उलट आतले क्ष-किरण ते अडवतं. पण काच फुटून कचऱ्यात गेली की ते माती-पाण्यात उतरू शकतं. पूर्वी जुन्या ट्यूबची काच नव्या ट्यूबसाठी वापरली जायची. आता नव्या ट्यूबच बनत नाहीत, त्यामुळे त्या काचेला फारसा वाली उरलेला नाही. भंगारवाला तांबं काढून घेतो आणि काच नाल्याकडेला टाकतो. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. आज हौसेने आणलेला डब्बा तीन वर्षांनी बंद पडला, की ही जबाबदारी तुमची.

म्हणूनच उलट बाजूही लक्षात घ्या. तुमच्या किंवा आजीच्या घरी चालू सीआरटी असेल, तर तो घाईने भंगारात देऊ नका. जुना कन्सोल जोडायला त्याच्यासारखं काही नाही, आणि चालतोय तोवर तो कचराही नाही. असलेला जपणं वेगळं आणि रील बघून महागात आणणं वेगळं.

मग घ्यायचं काय?

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी या वादात पडूच नये. त्यांचा प्रश्न फोनच्या हर्ट्झचा आणि तापण्याचा.

व्हॅलोरंट, सीएस २ वाल्यांसाठी उत्तर सरळ आहे: फ्लॅट, आणि परवडेल तितके जास्त हर्ट्झ. १४४ ते १८० हर्ट्झचे २४ इंची आयपीएस मॉनिटर आता आवाक्यात आलेत. पण आधी आपल्या मशीनवर गेम किती एफपीएस देतो, ते बघा. ९० च देत असेल तर २४० हर्ट्झवर पैसे उधळू नका. ‘जीएसटी कमी झाला, आता घ्या’ या जाहिरातीलाही भुलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर आणि टीव्ही. २४ आणि २७ इंची मॉनिटर आधीपासूनच १८ टक्क्यांत होते.

गोष्टीवाले, ओपन वर्ल्ड गेम खेळत असाल आणि बजेट असेल तर ओएलईडी. काळा रंग खरा काळा, पिक्सेल झटक्यात बदलणारे. मात्र दिवसभर त्याच स्क्रीनवर कोडिंग, पीडीएफ, एक्सेल चालणार असेल तर सावध. एकच टूलबार तासन्‌तास राहिला की त्याचा डाग पडायचा धोका असतो. अभ्यास आणि गेमिंग एकाच स्क्रीनवर असेल तर साधा आयपीएस जास्त निश्चिंत.

रेट्रोवाल्यांकडे डब्ब्याशिवायही रस्ते आहेत. रेट्रोआर्चसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये सीआरटीचे फिल्टर मिळतात. ते फक्त ‘जुना लुक’ देत नाहीत. १९९१ च्या सोनिकमधला धबधबा मुळात उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. जुन्या टीव्हीवर, जुन्या वायरीतून त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. फ्लॅटवर नुसत्या रेघा दिसतात. चांगला फिल्टर ते पाणी परत आणतो. फराट्याचं काय? दोन फ्रेमच्या मधे काळी फ्रेम टाकायची सोय काही मॉनिटरमध्ये असते; उजेड कमी होतो, पण हलतं चित्र स्वच्छ दिसतं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर सीआरटीच्या झोताची हुबेहूब नक्कल करणारा एक मोफत शेडर आला. त्याचा खरा फायदा २४० हर्ट्झ किंवा जास्त वेगाच्या स्क्रीनवर दिसतो. म्हणजे ६० एफपीएसच्या जुन्या गेमसाठीही आता वेगवान फ्लॅट स्क्रीन कामाचा झालाय.

नवे मॉनिटर ज्या दिशेने चाललेत, ती दिशा डब्ब्याचीच आहे: चित्र कमी वेळ धरा, उजेड झटक्यात द्या आणि विझवा. म्हणून डब्बा विकत घेण्यापेक्षा एकदा कुणाकडे तरी त्यावर खेळून बघा. हलतं चित्र किती स्वच्छ असू शकतं, ते डोळ्यांना कळेल. मग दुकानात मॉनिटर बघताना डेस्कटॉपचा वॉलपेपर बघून ‘वा’ म्हणू नका. एखादी मोठी वेबसाइट उघडायला सांगा, ती भराभर वर-खाली सरकवा आणि सरकताना अक्षरं वाचता येतात का ते बघा. खोक्यावरच्या ‘१ एमएस’पेक्षा या अर्ध्या मिनिटात जास्त कळतं.

जुना सीआरटी घ्यायचाच असेल तर...

* अर्धा तास चालू ठेवून मगच बघा. पहिल्या पाच मिनिटांत बरेच दोष दिसत नाहीत.
* पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावा. पांढऱ्यात डाग, काळ्यात राखाडीपणा दिसला तर ट्यूब थकलेली आहे.
* पीसीचा मॉनिटर ८५ हर्ट्झवर चालतो का पाहा. ६० वर लुकलुकतो आणि डोळे दुखतात.
* कन्सोलसाठी पीसीचा मॉनिटर नाही, जुना टीव्ही लागतो. दोघांचे सिग्नल वेगळे.
* दोघांनी उचला, काचेची बाजू छातीकडे ठेवा. वजन सगळं पुढच्या बाजूला असतं.
* बंद पडल्यावर कुठे द्यायचा, तो नोंदणीकृत रिसायकलर आधीच शोधून ठेवा.